पोटदुखीवाल्या मावशी

मेडिकल कॉलेजात त्यांना सगळे पोटदुखीवाल्या मावशी म्हणत. काम असं, की परीक्षेच्या दिवशी खाटेवर पडून पोट दुखत असल्याचं सोंग करायचं आणि विद्यार्थ्यांनी रोग ओळखायचा. सोंग असं हुबेहूब, की नवखी पोरं घाबरून पाणी आणायला धावत. कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि किती दुखतंय विचारलं की कण्हत कण्हत सांगायचं, दहापैकी नऊ. डॉक्टरांची अख्खी पिढी मावशींच्या पोटावर शिकून मोठी झाली. घरी नवरा म्हणे, हिला कण्हायचे पैसे मिळतात, मी फुकट कण्हतो.

मग एका सकाळी त्यांचं पोट खरंच दुखायला लागलं. दैवाची टवाळी बघा, हे दुखणं त्यांनी आजवर शिकवलेल्या दुखण्यासारखं मुळीच नव्हतं. कण्हायला श्वास पुरेना, जरा हललं तरी जीव जाईल असं वाटे. नवऱ्याने टॅक्सी करून दवाखान्यात नेलं, तेव्हा त्या खाटेवर नुसत्या निपचित पडून राहिल्या.

तपासायला आला तो त्यांच्याच हाताखालून गेलेला डॉक्टर. त्यांना ओळखून तो खुलला. मावशींनाही धीर आला, चला, आपलं माणूस भेटलं. एक ते दहात किती दुखतंय, असं त्याने विचारलं.

"नऊ," मावशी कशाबशा म्हणाल्या.

डॉक्टर हसला. "मावशी, नऊवाला माणूस असा शांत पडत नाही. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

पोटाला हात लावल्यासारखं करून त्याने गॅसची गोळी लिहून दिली. एरवी मावशींनी त्याची अशी खरडपट्टी काढली असती की ज्याचं नाव ते. आता भांडायचं त्राण नव्हतं, पण असं घरी गेलो तर आपण वाचत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. नाइलाजाने त्या कुशीवर वळल्या. गुडघे पोटाशी ओढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी ओढले आणि मोठ्याने कण्हल्या. खऱ्या दुखण्याला खोट्याची साक्ष काढावी लागते, या संतापाने त्यांना रडू फुटलं.

डॉक्टरने कौतुकाने नर्सला हाक मारली. यांच्यामुळे मी पास झालो, म्हणाला. मावशींचा खांदा थोपटून तो पुढच्या पेशंटकडे गेला.

नवरा त्यांना धरून बाहेर घेऊन आला. फाटकापर्यंत जाववेना, म्हणून मावशी पायरीवर बसल्या. बसल्या कसल्या, कोसळल्याच. ओठ पांढरेफटक पडले होते. येणारेजाणारे थांबून बघायला लागले, तसा नवरा ओशाळला. तो खाली वाकला. इतक्या वर्षांच्या संसाराचा माणूस. मावशींना वाटलं, हा तरी आता आत धावत जाईल.

"डॉक्टर राहिला आत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आता कुणाला दाखवतेस?"