तीन टक्के

मोठ्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वहिनीची अक्कल त्या दिवशी साडेदहाला ठिकाणावर आली, आणि अशी धावत आली की ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली.

अकराला मोठे डॉक्टर ठरवणार होते, चार तासांवरच्या छोट्या दवाखान्यातली एक्स-रे खोली ठेवायची की बंद करायची. तिथून एक फोटो इथे पोहोचायला तास लागे. ती खोली चालवायची वहिनीची थोरली नणंद. आणि लाइन रिकामी आहे, नणंदेचं यंत्रच मंद आहे, असा अहवाल दिला होता खुद्द वहिनीने. पंधरा दिवस नणंदेने अबोला धरला होता. निरोप भावामार्फत यायचे, तेही तुटक.

बरं, वहिनी काही आंधळी नव्हती. फोन कंपनीने लाइन मोठी केली, हिने राउटरमध्ये बँडविड्थच्या, म्हणजे लाइनच्या गतीच्या, रकान्यात दोन हजार लिहिलं, आणि राउटर इमानेइतबारे सांगू लागला, वापर तीन टक्के. पण आज फोटो येत असताना तिने पाहिलं, तीन. पाच मिनिटांनीही तीन. जरा वर नाही, जरा खाली नाही. दोन हजारांचे तीन टक्के म्हणजे साठ, आणि जुन्या लाइनची गती होती चौसष्ट! लाइन गळ्यापर्यंत भरली होती की! राउटरमधला आकडा ही नुसती पाटी. खरी गती मोडेम ठरवतो, आणि दोन्ही टोकांचे मोडेम अजून जुन्याच गतीवर. पाटी रंगवून बाईसाहेब दुकान मोठं झालं म्हणून बसल्या होत्या.

तिने नणंदेला फोन लावला.

"ताई, ठेवू नका. मोडेमच्या मागे चार बारीक बटणं आहेत. सगळी वर करा."

"आणि लाइनच बंद पडली तर?"

"तर माझं नाव सांगा."

नणंदेने केसातली पिन काढली आणि बटणं वर केली. वहिनीनेही आपली केली. दोन्हीकडे दिवा लाल. मग हिरवा! तिने टेबलावर थाप मारली, चहा सांडला, तिला पर्वा नव्हती.

अकराला डॉक्टर आले. फोन स्पीकरवर होता. मोडलेल्या मनगटाचा फोटो दोन मिनिटांत पडद्यावर उतरला. डॉक्टर खूश झाले, खोली चालू ठेवा म्हणाले आणि सहज विचारलं, यंत्र दुरुस्त केलं वाटतं?

हो म्हटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. वहिनीचे कान तापले.

"यंत्र पहिल्या दिवसापासून ठीक होतं," ती म्हणाली. "चूक माझी. ताईंवर ढकलली, तीही मीच."



"वहिनी," पंधरा दिवसांनी नणंदेने तिला हाक मारली, "बाहेर अकराजण बसलेत. ठेव आता, मला काम आहे."