घट्ट पाणी

"आबा, हनुवटी छातीला लावा."

बजरंग मिस्त्रींनी चमच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. चमच्यात पावडर घालून घट्ट केलेलं पाणी होतं, खळीसारखं.

"ह्ये पानी न्हाई," ते म्हणाले. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचं बोलणं तोंडातच घोळायचं, पण एवढं मात्र स्पष्ट आलं.

"पाणीच आहे. मान खाली घ्या, म्हणजे नीट उतरंल."

"घोटभर साधं दे."

"डॉक्टर काय म्हणले?"

संघप्रियाने ते पुन्हा सांगितलं. परभणीच्या डॉक्टरांना तिने खोदून खोदून विचारलं होतं, घरी येऊन वाचलंही होतं. घशात दोन वाटा, पुढची श्वासाची, मागची अन्नाची. गिळताना जीभ घास मागे ढकलते, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण आडवं पडतं, आतले पडदे मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. तरीही एखादा थेंब चुकला, तर ठसका त्याला बाहेर हाकलतो. आबांच्या घशाचं ते उचलणं मंदावलं होतं. साधं पाणी त्याआधीच श्वासाच्या वाटेला लागलं असतं.

"वायसर गेलं म्हन की," आबा म्हणाले. गावोगावचे हातपंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. "बदलून घे मंग."

दारात भांडी पुसत बसलेली सुकेशनी, संघप्रियाच्या धाकट्या भावाची बायको, फसकन हसली.

"हसू नको," संघप्रिया म्हणाली. "ठसका लागला नाही म्हणजे आत गेलं नाही, असं नसतं. त्यांचा ठसकाही झोपलाय. गेलं तरी कळणार नाही आपल्याला."

"मी कुटं काय म्हनले, ताई?"

आबांची नजर खुंटीवरच्या पितळी तांब्याकडे गेली. जन्मभर ते त्याच तांब्याने पाणी प्यायले. उभं राहून, मान मागे टाकून, वरून धार सोडून. आता नेमकं तेच बंद होतं. संघप्रियाने तांब्या खुंटीवरून काढला, वरच्या फळीवर सरळ ठेवला आणि परभणीच्या शाळेत शिकवायला जायची एस.टी. गाठली.

संध्याकाळी ती सोनपेठला परत आली, तेव्हा आबा खुशीत होते. "आज येस्टी टायमावर आली वाटतं," म्हणाले. त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी ओली होती.

"घाम आला आसंल," न विचारताच सुकेशनी म्हणाली.

संघप्रियाने पावडरचा डबा उघडला. पावडर सकाळी होती तेवढीच होती. फळीवरचा तांब्या आता पालथा होता, आणि त्याच्याखाली पाण्याचं गोल वळं उमटलं होतं.

तिने डबा बंद केला. विचारलं असतं, तर उद्यापासून आबांचं करायचं कोणी? भाऊ ट्रकवर, ती शाळेत. आबांना उठवणं, बसवणं, त्यांचे कपडे, सगळं सुकेशनीच्या हातात. म्हणून ती गप्प राहिली. सुकेशनीचा हात कधी पदराला पुसला जातो, ती आबांशी हळू आवाजात काय बोलते, हे मात्र पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तापाने फणफणले. परभणीला नेलं. छाती भरली होती. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

"पाण्यानंच झालं का?" तिने डॉक्टरांना विचारलं होतं.

"नक्की सांगता येत नाही. कधी कधी नुसती लाळही उतरते."

तिने त्यातलं काही मानलं नाही. सुकेशनी धाय मोकलून रडली, तेव्हा एवढं कशाला, असं तिला वाटलं. रडायची थांबली, तेव्हा एवढ्यात कशी थांबली, असं वाटलं.

आबांच्या जलदान विधीला बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली. आबांबरोबर दुरुस्तीच्या गाडीवर असलेले वैजीनाथकाका मांडवात एकटेच बसून होते. संघप्रियाने त्यांना चहा दिला.

"बजरंगचा तांब्या हाय का गं आजून?"

"आहे ना. का?"

"आमी पंप सुरू केला की गावातली एखादी बाई पानी आनायची," काका म्हणाले. "मला तांब्या हातात द्यायची. ह्येला म्हनायची, ओंजळ कर. मंग ह्यो वाकायचा, हनुवटी पार छातीला टेकायची, अन् ती वरून ओतायची. ह्येनंच काढलेलं पानी. मी बी बघत हुबा ऱ्हायचो, पोरी. काय बोलायचो न्हाई."

त्यांनी कप खाली ठेवला.

"एक डाव न्हाई केली ओंजळ. भर उनात तान्हेला तसाच गाडीत बसला. दुसऱ्या दिशी बाजारातून त्यो तांब्या आनला. म्हनला, आता मान वाकवून पानी पेनार न्हाई. पुढं गावं बदलली, लोक गिलास द्यायला लागले. पर ह्येनं तांब्या काय सोडला न्हाई."

संघप्रिया कप उचलायचा विसरली. सकाळ, दुपार, संध्याकाळ चमचा धरून ती आबांना काय म्हणत होती, ते तिला तिच्याच आवाजात ऐकू आलं. आबांनी तिला हे कधी सांगितलं नव्हतं.

ती मागच्या दारी गेली. सुकेशनी मोरीवर बसून चिंचेने तांब्या घासत होती. नणंदेला पाहून तिचे हात थांबले. येणार येणार म्हणून धसका घेतलेली गोष्ट शेवटी दारात उभी राहावी, तशा नजरेने ती बघत राहिली.

एस.टी.त बसल्या बसल्या संघप्रियाने एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. रोज त्याला धार लावली होती. ते तसंच ठेवून ती सुकेशनीशेजारी खाली बसली.

"त्या दिवशी तू पाणी दिलंस ना आबांना? तांब्यानं?"

सुकेशनीने मान डोलावली. "लय मागायलते, ताई. पोरावानी मागायलते. भिताडाला धरून हुबे ऱ्हायले, मी मागून धरलं."

संघप्रियाने तिच्या हातातला चिंचेने बरबटलेला तांब्या घेतला. नळाखाली धरला. तो काठोकाठ भरू दिला.

"पोटभर पेले का गं?"