एकाच बादलीतले दोघे

नणंदेला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा घरी वहिनी नणंदेने पाळलेल्या दोन बॉल पायथनसमोर कपाळाला हात लावून बसली होती. हे छोटे अजगर एकाच वेळी अंड्यांतून निघालेले. एक पिवळा, एक तपकिरी. पिवळ्याच्या पोटात जंतू निघाले होते, त्याला रोज औषध. तपकिरी महिनाभर उपाशी.

डबे धुताना तिने दोघांना एकाच बादलीत ठेवलं. रंगावरून कळेलच की! पण दोघांचीही कात सुटायला आली होती. डोळे दुधाळ, अंग राखाडी. पिवळा कोण नि तपकिरी कोण, काही केल्या कळेना.

तिने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"दोघांनाही देऊ का थोडं थोडं?"

"अजिबात नको. उपाशी आहे त्याला झेपायचं नाही. रंगावर जाऊ नका. कात टाकताना रंग फसवतो, नक्षी बदलत नाही. जुना फोटो आहे का?"

फोटो होता. नणंदेच्या खांद्यावर पिवळा, मानेमागे फिकट ठिपका आणि त्यात तीन काळी टिंबं. वहिनीने एकाला उचललं. त्याने डोकं पोटाशी घेऊन अंगाचा चेंडू केला. दुसऱ्याच्या ठिपक्यात दोनच टिंबं दिसली. आता काय? फोटोतलं तिसरं टिंब म्हणजे सावली तर नव्हे? पहिला मुटकुळं सोडेल म्हणून ती वाट बघत बसली. अखेर त्याने मान काढली. एक, दोन, तीन.

तिने त्यालाच औषध पाजलं. तरी जिवाला घोर लागलाच.

संध्याकाळी नणंदेचा आवाज फोनवर आला, खोल गेलेला. "वहिनी, पिवळ्याला औषध?"

"दिलं गं. पण दोघांना मी एकाच बादलीत..." तिने सगळं सांगून टाकलं.

"अगं, हसवू नकोस, टाके दुखतात." मग, "तीनच होती ना नक्की?"

"तीनच."

त्यानंतरही रोज औषध पाजताना वहिनी आधी फोटो समोर धरून टिंबं मोजायची. एका सकाळी औषध चालू असलेल्याच्या डब्यात सुकलेली कात पडली होती आणि तिच्याशेजारी तो, पिवळाधमक. वहिनी तिथेच जमिनीवर बसली आणि आधी पोटभर रडली, मग नणंदेला फोन लावला.