खालून पडलेला उजेड

मी बोलतोय, स्टुडिओतला जुना दिवा. माझं बोलणं गोड वाटणार नाही, कारण मी चिडलोय. आणि हा राग कालपरवाचा नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी अंग, पुढे जाड भिंग, आणि उजेड हवा तिथे अडवायला कानांसारखे चार पत्रे. मला पहिल्यांदा ज्या कॅमेरामनच्या हाती दिलं, तो भला माणूस होता. तो आधी नटाच्या खुर्चीत स्वतः बसायचा, माझा ताप चेहऱ्यावर घ्यायचा आणि मगच मला सरकवायचा. एकदा नोकरी गेलेल्या बापाचा प्रसंग होता. नटाला रडायचं होतं. ह्यानं माझा उजेड चेहऱ्यावर पडूच दिला नाही, नुसता ताटावर थांबलेल्या हातावर पाडला. चेहरा अंधारात, हात उजेडात. नट रडला नाही, पण बघणारे रडले. त्या दिवशी मला कळलं की मी नुसता उजेड पाडत नाही, माणसाबद्दल काहीतरी सांगतो.

तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला. हुशार, कामात वाघ. पण खुर्चीत कधी बसला नाही.

याच्याच काळात तो चित्रपट आला. गोष्ट खरी घडलेली. एका वृद्धाश्रमाला भर दुपारी आग लागली होती. तिथल्या परिचारिकेनं, सगळे तिला सिस्टर म्हणत, पाठीवर घेऊन, ओढून, जमेल तसं म्हाताऱ्यांना बाहेर काढलं. मागच्या खोलीतले दोन आजोबा मात्र राहिले. दार अडकलं होतं. कारण आश्रमाच्या मालकानं त्या दारामागे सिमेंटची पोती रचून ठेवली होती. चौकशीत सिस्टर निर्दोष सुटली. पण मालक हा चित्रपटाच्या निर्मात्याचा व्याही. आता पुढचं मी वेगळं सांगायला नको.

सिस्टरचं काम करणारी नटी तयारीची होती. चौकशीतलं सिस्टरचंच वाक्य तिला बोलायचं होतं, "मी कडी काढली होती. दार उघडलंच नाही." पहिल्या वेळी मी खिडकीबाहेर होतो, पांढऱ्या कापडातून गाळलेला. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिच्या दोन्ही डोळ्यांत माझा एकेक बारीक ठिपका चमकत होता. ती बोलली आणि सेटवर चहा वाटणाराही कप हातात धरून थांबला.

दिग्दर्शकाला ते नको होतं. लोकांना राग काढायला कुणीतरी लागतं, असं तो कॅमेरामनला समजावत होता. संवाद मात्र बदलायचा नाही, उगाच कोर्टकचेरी नको.

"मग मी काय करू?" कॅमेरामननं विचारलं.

"ते तुला सांगायला हवं का?"

कॅमेरामननं मला उचलवलं आणि तिच्या पायाशी, हनुवटीखाली ठेवलं. माझ्या तोंडासमोर लाकडी पट्ट्या धरल्या. तिच्या गालांवर गजांसारख्या सावल्या पडल्या, भुवयांच्या वर काळोख चढला, डोळ्यांतले ठिपके विझले. कॅमेरा खाली आणून तिच्या अगदी जवळ नेला, तसं नाक मोठं आणि ओठ पातळ दिसायला लागले. नटी तेच वाक्य तसंच बोलली, आणि ते धडधडीत खोटं वाटलं.

मालकाचा प्रसंग दुसऱ्या दिवशी झाला. तेव्हा मला पुन्हा पांढऱ्या कापडामागे नेलं. त्याचं काम करणाऱ्या नटाच्या पिकल्या केसांवर मागून सोनेरी कड पाडली. पोत्यांचा मालक देवमाणूस दिसत होता! माझा बल्ब फुटला असता तर बरं झालं असतं. पण बल्बही नेमके नको तेव्हा टिकतात.

चित्रपट चालला. कॅमेरामनला त्या छायाप्रकाशाबद्दल पारितोषिक मिळालं. आणि सिस्टर जिथे नोकरीला होती, तिथे रुग्णांचे नातेवाईक तिच्या हातून इंजेक्शन घेऊ देईनात. नणंद आपलं पोर तिच्याकडे सोडून कामावर जायची, तिनंही ते बंद केलं.

हे सगळं मला सिस्टरच्या तोंडूनच कळलं. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती स्टुडिओत आली. कॅमेरामननं तिला ओळखलं नाही. तिनं ओळख सांगितली तेव्हा तो गडबडला. म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल त्यात एकही वाईट शब्द नाही हो."

"तेच विचारायला आलेय," ती म्हणाली. "शब्द माझेच आहेत. मग लोक असे का बघतात?"

कॅमेरामननं तिला खुर्चीत बसवलं, कॅमेऱ्याला जोडलेला छोटा पडदा तिच्याकडे वळवला आणि मला तिच्या हनुवटीखाली ठेवलं. ती पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली.

"हिच्यावर माझाही विश्वास बसला नसता," ती म्हणाली.

मग त्यानं, का कोण जाणे, मला उचलून कापडामागे नेलं. पडद्यावर एक दमलेली, साधी बाई दिसली. तिच्या कपाळावर भाजल्याचा डाग होता, तो मला आत्ता दिसला. सिस्टर उठताना एवढंच म्हणाली,

"म्हणजे हेही येत होतं तुम्हाला."

आवाज चढवला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. पदर सारखा केला आणि गेली. तिच्या वाटचा संताप तेव्हापासून मी करतोय.

कॅमेरामननं मला विझवलं. हा दिवा फार तापतो, गोदामात टाका, असं सांगितलं. ती माफी मागण्यासारखी गोष्ट होती, पण त्यानं दिवा बदलला. आता माझ्या जागी हलके, थंड दिवे आले आहेत, मोबाईलवर बोट फिरवलं की रंग बदलणारे. त्यांच्यावर माझा राग नाही. तेही सांगितलं तिथेच उभे राहतात.

राग आहे तो तुमच्यावरही. तुम्ही तिकीट काढून आलात, तिचा तिरस्कार करून बाहेर पडलात आणि त्याला स्वतःचं मत म्हणालात. पुढच्या वेळी पडद्यावरच्या कुणाची चीड आली, तर ती घरी नेण्याआधी जरा थांबा. उजेड कुठून येतोय ते बघा. तो तिथे कुणी ठेवला, ते विचारा. मला मान वळवता येत नाही. तुम्हाला येते.