वरच्या खोलीतली बैठक

ताईने चष्म्याच्या काडीतला स्क्रू तिसऱ्यांदा बसवला आणि तिसऱ्यांदा तो काउंटरवर पडला. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तो उचलून पुढे केला. तिचं काम एरवी असं अडत नसे, हे त्यांनाही ठाऊक होतं. दुकानाच्या वरच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि तिने मान वर केली.

"बैठक लांबलेली दिसतेय," गृहस्थ म्हणाले.

"लांबणारच," ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात सोडत निघाली आणि वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. तिचा धाकटा भाऊ इथला दोन वेळचा नगरसेवक. आता त्याला उभं राहता येणार नव्हतं. त्याच्या जागी कुठली बाई द्यायची, हे ठरवायला पक्षाची माणसं वर जमली होती. अर्ज परवा भरायचे होते.

ताईच्या मते हा प्रश्न पडायलाच नको होता. भाऊ सभागृहात बसायचा खरा, पण वॉर्ड येऊन बसायचा इथे, चष्म्याच्या दुकानात. लोक काडी आवळून घ्यायच्या निमित्ताने येत आणि तुंबलेल्या गटाराबद्दल बोलून जात. कुठल्या गल्लीत पाणी चढत नाही, कुणाच्या सासूचं पेन्शन अडलंय, सगळं तिला तोंडपाठ. भावाची भाषणंही तीच लिहायची. तो ती झकास वाचायचा, एवढं श्रेय मात्र त्याला द्यायला हवं.

तरी आठवडाभर घरात कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. जेवताना भाऊ हवापाण्यावर बोलायचा. आपण होऊन विषय काढावा तर अधाशीपणा दिसायचा, न काढावा तर जीव टांगणीला. वर बोलावलं तर बरं दिसावं म्हणून ताईने आज दोनदा केस विंचरले होते, आणि त्याची तिची तिलाच लाज वाटत होती.

गृहस्थ चष्मा घेऊन गेले. भावजय चहाचा ट्रे घेऊन जिना चढली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. चहा द्यायला एवढा वेळ लागत नाही. ताईला समजायचं ते समजलं, पण मन काही मानेना.

शेवटी भाऊ खाली उतरला. त्याने काउंटरवरची एक फ्रेम उचलली, उगाच डोळ्यांना लावली आणि आरशात पाहिलं.

"हिचं नाव ठरलंय," तो म्हणाला.

ताई काउंटरवरच्या बाकीच्या फ्रेमा सरळ करू लागली.

"ताई, माझं ऐक. दहा वर्षं मी राबलो. आणि एक चिठ्ठी निघते नि मी घरी बसायचं, यात माझा काय गुन्हा? पुढच्या वेळी जागा खुली होईल. तोवर कुणीतरी सांभाळायला हवी."

"मी सांभाळली नसती?"

"तू चालवली असतीस." त्याने फ्रेम जागेवर ठेवली. "परत दिली नसतीस."

भावाने आयुष्यात तिची केलेली ही बहुधा सगळ्यात मोठी स्तुती होती, आणि तीच तिच्या मुळावर आली. मग राखीव जागेला अर्थ काय, असं तिने विचारलं, तर त्याने शांतपणे तिचंच वाक्य तिच्या पुढ्यात टाकलं: जागा कमावून मिळावी, वाटून नव्हे. गेल्या निवडणुकीत या वाक्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला होता. वाक्य तिचं, टाळ्या त्याच्या. त्यातलं थोडं तिला अजूनही खरं वाटत होतं. तो खरंच राबला होता. आणि तिच्यासाठी आज जे दार किलकिलं झालं होतं, ते ती बाई आहे म्हणूनच.

भाऊ वर गेला. ताईने शटर अर्धं खाली ओढलं. अपक्ष अर्ज भरायचा. मतं फुटतील, घरही फुटेल. फुटू दे. भावाने एका मुक्या बाहुलीला पुढे केलंय, असं सभेत सांगितलं की अख्खा वॉर्ड हसेल. पहिल्या भाषणाची वाक्यं मनात जुळूही लागली, चांगली बोचरी.

तेवढ्यात भावजय रिकामा ट्रे घेऊन खाली आली. चार माणसांत बोलायची वेळ आली की ही नखं खुडत बसायची. इतक्या वर्षांत तिचा चढलेला आवाज ताईने कधी ऐकला नव्हता.

"वन्सं, तुम्ही माझ्याविरुद्ध अर्ज भरणार ना?"

"भरायलाच हवा. तुला नुसती बसवतायत ते. विचारलं तरी का तुला?"

"नाही. सांगितलं." तिने ट्रे काउंटरवर ठेवला. "पण आठवडा झाला, तुम्हीही मला काही विचारलं नाहीत."

आपल्याला कुणी विचारतंय का, एवढ्या एकाच काळजीत तिने आठवडा काढला होता. या घरात आणखी एक बाई आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. भावाने निदान हिला धरून हिशेब मांडला होता. तिला फार ओशाळल्यासारखं झालं.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "तुला हवीय ती जागा?"

वर कुणीतरी मोठ्याने हसत होतं. भावजय ते हसणं थांबेपर्यंत थांबली.

"हवीय. आणि पुढच्या वेळी परतही द्यायची नाहीये. पण मला यातलं काही येत नाही, वन्सं. शिकवाल?"

भावाशी भांडता आलं असतं, त्याची तिला सवय होती. हिच्याशी कशावरून भांडायचं? मनातली ती बोचरी वाक्यं आता कुणाला लागणार होती, तेही तिला स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही जागा तिला हवीच होती, काल होती तितकीच.

वरून भावाने "अगं ए" अशी हाक मारली. मग आणखी एकदा, जरा चढ्या आवाजात.

भावजय जागची हलली नाही. ती ताईच्या उत्तराची वाट पाहत होती.