शेपटीवाली गाडी

"तुमच्या गाडीच्या तोंडातून ही शेपटी का लोंबतेय?" मी विचारलं. कुत्र्याला शेपटी का असते असं विचारावं, तसं समोर नव्याने राहायला आलेल्या ओरेस्टनी माझ्याकडे पाहिलं.

शेपटी म्हणजे विजेची वायर, टोकाला पिन. त्यांच्या सस्काचेवानात, कॅनडाच्या बर्फाळ माळरानात, रात्रभर ती सॉकेटला जोडून इंजिन ऊबदार ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी गाडी ढिम्म हलत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या व्हिक्टोरियात भर हिवाळ्यात गवत हिरवं असतं. तरी हे गृहस्थ रोज संध्याकाळी गॅरेजमधून लांबलचक नारिंगी केबल ओढत आणायचे आणि गाडीला जोडायचे. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, हाताला लागलेलं वळण जाणार कसं? समोरच्या घरातून चहा पीत मी हा सोहळा बघायची. निवृत्तीनंतर करमणूक तरी दुसरी काय होती मला?

त्यांची बायको डोरीन मात्र पहिल्याच आठवड्यात बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी घेऊन माझ्याकडे आली आणि मैत्रीण होऊनच परत गेली. तिच्या छातीच्या दुखण्यापायी दोघं इथे आली होती. तिकडच्या थंडीत अंगणात पाऊल टाकलं तरी तिचा श्वास अडकायचा. मागचा हिवाळा तिने जवळजवळ इस्पितळातच काढला होता. इथे ती समुद्रापर्यंत चालत जाऊ लागली. पण नवऱ्याला तिने शब्द दिला होता, ईस्टरपर्यंत तुझं मन रमलं नाही तर परत जाऊ.

"अगं, असला शब्द देतात का?" मी म्हटलं.

"त्याने माझ्यासाठी सगळं गाव सोडलं, आयरिस. मी एवढंसुद्धा म्हणू नको?"

परत जाणं तिला झेपणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी तिला आणखी चहा दिला.

ओरेस्टचं मन काही रमेना. त्यांच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची रीत. ओळख असो वा नसो, एवढ्या मोकळ्या माळावर माणूस भेटला हेच खूप. इथेही ते येणाऱ्या प्रत्येक गाडीला बोट उचलत आणि कोणी ढुंकूनही बघत नसे. जानेवारीत एका तरुणाने बघितलं. तो गाडी वळवून मागे आला आणि सिग्नलला काच खाली करून म्हणाला, काका, माझं काही चुकलं का? ओरेस्ट म्हणाले, नाही रे बाबा, नमस्कार केला. त्याने विचारलं, आपली ओळख आहे? हे म्हणाले, नाही. तो बिचारा आणखीच गोंधळला.

हे सांगताना डोरीन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. म्हणाली, त्या दिवसापासून तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसतो. तिने माळ्यावरच्या बॅगा खाली काढून उन्हात ठेवल्या होत्या. मला ओरेस्टचा भयंकर राग आला. एका पारड्यात बायकोचा श्वास आणि दुसऱ्यात याचं बोट! पण त्यांना चार शब्द सुनवायला गेले तर ते एकटेच गाडीपाशी उभे राहून ती वायर निरखत होते. मी तशीच परत फिरले.

फेब्रुवारीत प्लमची झाडं फुलली. एके सकाळी दोघं बाजाराला निघाली होती, त्यांनी मलाही मागच्या सीटवर घेतलं. समुद्राकाठच्या अरुंद रस्त्यावर समोरून दुमजली बस आली, म्हणून ओरेस्टनी गाडी कडेला घेतली. बसचा ड्रायव्हर शेजारून जाता जाता थांबला. त्याची नजर आमच्या शेपटीवर खिळली होती. चेहराभर हसत त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि खिडकी सरकवली.

"कुठले तुम्ही?"

"यॉर्कटनच्या पलीकडचे," ओरेस्ट म्हणाले.

"मी मूस जॉचा, तुमच्याच सस्काचेवानातला. ती वायर काढू नका हो काका. दिसली की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं."

मग दोघा बसवाल्यांच्या गप्पा रंगल्या, ब्रेकपासून बर्फापर्यंत. आमच्या गावात हॉर्न वाजवणं असभ्य समजतात, म्हणून मागच्या गाड्या मुकाट उभ्या राहिल्या. शेवटी बसमधले एक आजोबा मोठ्याने खाकरले, तेव्हा कुठे बस हलली.

पुढच्याच गाडीला ओरेस्टचं बोट उठलं. तिच्या पुढचीलाही. कोणी बघितलं नाही, पण त्यांचं काही बिघडलं नाही. डोरीन खिडकीबाहेरची फुलं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. त्या बॅगांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

ईस्टरच्या सकाळी दोघं माझ्या दारात उभी. डोरीनच्या हातात ईस्टरचा गोड पास्का पाव, ओरेस्टच्या खांद्यावर ती नारिंगी केबल, नीट वेटोळं करून.

"आयरिसबाई, तुमच्या गवत कापायच्या मशीनला वायर पुरत नाही. ही ठेवा."

"आणि तुम्हाला?"

"मला काय करायचीय? इथे कुठे थंडी पडते?"

असं म्हणाले खरं, पण केबल सोडवेना. तिचा एक भाग हाताळून गुळगुळीत झाला होता, त्यावरून अंगठा फिरत होता. मी हात पुढे करून उभी राहिले, घाई केली नाही. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. रस्त्यापलीकडे त्यांच्या गाडीची शेपटी तेवढी लोंबत होती.

डोरीनचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. माझ्या दारापर्यंतचा सगळा चढ ती एका दमात चढून आली होती, आणि तो पाव कसा कापायचा ते मला न थांबता सांगत होती.