दुधाचा रंग

रविवारी दुपारी तीनला ठिपकीची आई कारखान्यातून घरी आली, तेव्हा ठिपकी झोपलेली होती. यात काही विशेष नव्हतं. सहा वर्षांची मुलं दुपारी झोपतात. पण ठिपकी अशी झोपत नसे. तिच्या चादरीवर निळे ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपक्यावर एकेकदा बोट ठेवल्याशिवाय ती डोळे मिटत नसे. त्यावरूनच तिला हे नाव पडलं होतं. मध्येच कुणी चादर ओढली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. या कामाला पाऊण तास लागे, आणि ते संपेपर्यंत घरात कुणी त्या खोलीकडे फिरकत नसे.

आज चादर घडी घालून खुर्चीवर ठेवलेली होती. ठिपकी उघड्या गादीवर आडवी पसरली होती आणि तिच्या तोंडातून लाळ गळत होती.

“पाहुणे येऊन गेले का?” आईने विचारलं.

“आत्ताच गेले,” आजी म्हणाली. “पोरीने आज काही त्रास दिला नाही हो. शहाण्यासारखी झोपली.”

ठिपकी स्वमग्न होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हा शब्द सांगितला तेव्हा घरात सगळ्यांनी तो एकदाच उच्चारला आणि बाजूला ठेवून दिला. बाहेर सांगायचं ते एवढंच, की मुलगी लाजाळू आहे, बोलायला थोडी उशिरा लागेल. कारण ठिपकीच्या आत्याचं लग्न जमवायचं होतं. ती ग्रंथालयात कामाला होती, तिशीला आली होती, आणि दोन ठिकाणची बोलणी शेवटच्या पायरीवर मोडली होती. अशी मुलगी रक्तातूनच येते, असं शेजारच्या बाईंनी आजीच्या कानात घातलं होतं. शास्त्र इतकं सोपं नाही. पण कुजबुजीला शास्त्र लागत नाही.

सोमवारी ठिपकीच्या विशेष मुलांच्या केंद्रातल्या शिक्षिकांनी तिच्या आईला थांबवून घेतलं. ठिपकी काही सोमवारी अगदी मंद असते, ठोकळ्यांची ओळही लावत नाही, काही देता का तिला, असं त्यांनी सरळ विचारलं. आई नाही म्हणाली. मग बसथांब्यावर उभी असताना तिच्या मनात आलं, की आपण आपल्यापुरतं उत्तर दिलं.

ती रंगाच्या कारखान्यात नमुने जुळवायची. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि तयार झालेला रंग शेजारी शेजारी धरायचे आणि फरक शोधायचा, हे तिचं काम. तिने एक छोटी वही केली. ठिपकी कधी झोपली, चादरीवर बोटं फिरवली की नाही, त्या दिवशी घरी कोण आलं, असे तीन रकाने आखले. पाच आठवड्यांत सात वेळा ठिपकी चादरीशिवाय झोपली होती. सातही वेळा घरी कुणी ना कुणी पाहुणे आले होते.

मागच्या वर्षी ठिपकीच्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा डॉक्टरांनी खाजेचं गुलाबी औषध दिलं होतं. याने झोप येते, हेही बजावलं होतं. ती बाटली स्वयंपाकघराच्या कपाटात होती. आईने औषधाच्या पातळीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. दोन आठवडे गेले. औषध रेघेवरून हललं नाही.

मग संशय माणसांवरून फिरू लागला. आजीवर तर तो आधीच येऊन बसला होता. तिची जीभ तिखट, आणि पाहुण्यांच्या दिवशी ठिपकीला भरवायची तीच. आई आता तिच्या हातांकडे पाहत राही. वाटी धुतलेली असली तरी हुंगून बघे. एकदा आजीने ते पाहिलं.

“काय गं सूनबाई, विष घालते की काय मी नातीला?”

“मी कुठे काय म्हणाले?”

“तोंडाने नाही म्हणालीस,” आजी म्हणाली आणि दिवसभर बोलली नाही.

आत्यावरही संशय गेला. लग्न तिचं, सोय तिची. शिवाय हल्ली ती ठिपकीला जवळ घेताना गप्प गप्प असे. फक्त नवऱ्यावर संशय गेला नाही. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, घरी आल्यावर ठिपकीसमोर जमिनीवर पालथा पडून तिच्यासोबत झाकणं फिरवायचा. तिच्या भाषेत बोलणारा घरात तोच एक होता.

पुढच्या रविवारी, चादर घडी केलेली दिसली त्या दिवशीचे पाहुणे पुन्हा येणार होते, पक्कं करायला. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलगा एकुलता एक, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या बाई मात्र ठिपकीच्या आईच्या मनातून उतरल्या होत्या. कारण गेल्या खेपेला त्यांनी आजीला दोनदा विचारलं होतं, की मागच्या खोलीचं दार बंदच असतं का. बाई हेर आहे, असं आजीचं मत होतं, आणि या एका बाबतीत सासू-सुनेचं जमलं.

त्या आठवड्यात ठिपकीच्या आईची दुपारपाळी होती; तिने त्या दिवशी रजा घेतली आणि कुणाला सांगितलं नाही. दुपारी दोनला ती निघाल्यासारखी निघाली आणि कोपऱ्यावरून परत आली. स्वयंपाकघरात नवरा ठिपकीचा पेला हातात घेऊन उभा होता.

तिने पेला घेतला आणि खिडकीशी नेला. रंग पाहायचा तो उजेडात, दिव्याखाली नाही. मागे पांढरा कागद धरला. दुसऱ्या कुणाला ते दूधच दिसलं असतं. तिला त्यातली गुलाबी छटा दिसली.

“तुम्ही प्या,” ती म्हणाली.

तो हलला नाही. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून चष्म्याचं घर काढून ओट्यावर ठेवलं. आत चष्मा नव्हता. त्याच खाजेच्या औषधाची दुसरी, छोटी गुलाबी बाटली होती.

“अर्धंच झाकण देतो,” तो म्हणाला. “मोजून.”

“मोजून?”

“दार बंद ठेवा म्हणून तूच म्हणाली होतीस. पहिल्या पाहुण्यांच्या वेळी. तू समोर चहा देत होतीस, मी आत तिच्याजवळ होतो. ती दारावर डोकं आपटत होती. मी उशी धरली दाराला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला ते पुन्हा करवलं नसतं.”

तिने पेला ओट्यावर ठेवला. वहीच्या शेवटच्या पानावर तिने संशय म्हणून आजी लिहिली होती, आत्या लिहिली होती. स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

दारात आत्या उभी होती, अर्धे केस विंचरलेले. तिने सगळं ऐकलं होतं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती पुढे आली आणि पेला उचलला.

“मी पिते,” ती म्हणाली. “मग पाहुण्यांना सांगा, मुलगी झोपलीय. लाजाळू आहे जरा.”

भावाने पेला तिच्या हातून ओढून घेतला. तेवढ्यात दारावर थाप पडली. ठिपकीच्या आईने दूध मोरीत ओतलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. आजी मध्ये आली, तिसरंही स्थळ घालवशील म्हणाली. आत्याने आजीचा हात धरून तिला बाजूला केलं आणि केस तसेच सोडून बाहेर गेली.

ठिपकी बाहेर आली. तिने पाहुण्यांकडे पाहिलंच नाही. दाराशी त्यांच्या चपला होत्या, त्यांच्याशी तिचं काम होतं. घरातल्या आणि पाहुण्यांच्या, सगळ्या चपला तिने लहान ते मोठी अशा ओळीत लावायला घेतल्या, तोंडाने एकसुरी आवाज काढत.

मुलाच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. मुलगा पायांकडे बघत बसला.

“ही माझी भाची,” आत्या म्हणाली. “स्वमग्न आहे. आजवर तुमच्यापासून लपवली, ते आमचं चुकलं.”

ठिपकीची आई त्या बाईंकडे रोखून पाहत होती. आता ही उठेल, तोंड वाकडं करेल, दारापर्यंत जाईल. बाई खरंच उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि चपलांपाशी खाली बसल्या. एक चप्पल चुकीच्या जागी होती. त्यांनी तिला हात लावला नाही. ठिपकीला ती स्वतः सापडेपर्यंत थांबल्या. असं थांबायला शिकावं लागतं. ठिपकीच्या आईला ते शिकायला दोन वर्षं लागली होती.

चहा ओतायच्या निमित्ताने बाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर गुलाबी बाटली तशीच होती. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, पण लेबल वाचायची त्यांना गरज पडली नाही.

“ही दिवसा झोपते का?” त्यांनी हळू विचारलं.

“आजपासून नाही.”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आमचा आता उठत असेल.”

ठिपकीच्या आईला कळायला एक क्षण लागला. “तुम्ही तर एकुलता एक म्हणाला होतात.”

“तसंच म्हणतो आम्ही.”

“किती वर्षांचा आहे?”

“एकोणीस,” बाई म्हणाल्या. “धाकटा.”

बाहेर चपला सरकत होत्या. चहा उतू जायला आला तेव्हा ठिपकीच्या आईने गॅस बंद केला.

“पुढच्या वेळी त्यालाही घेऊन या.”

“नको हो. तो दार उघडतो नि लावतो. तास तास तेच करतो. लोक कंटाळतात.”

“आमच्याकडे चार दारं आहेत,” ठिपकीची आई म्हणाली.